आडवी रेघ, उभी रेघ

माझ्या दुकानात येणारा माणूस मजकूर नंतर सांगतो, आधी चिन्ह मागतो. लग्नपत्रिका असेल तर गणपती कुठला, उजव्या सोंडेचा की डाव्या, यावर नवरदेवाच्या मामांचं आणि वडिलांचं माझ्यासमोरच वाजतं. बौद्ध घरातली पत्रिका असली की मधोमध धम्मचक्र आणि कोपऱ्यात पिंपळाचं पान. हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला कलश, दुकानाच्या उद्‌घाटनाला समई. नेवाशात तहसीलच्या बाजूला हे दुकान मी बरीच वर्षं चालवते आहे. टायपिंग, प्रिंट, लॅमिनेशन, आणि फावल्या वेळात लोकांचे वाद मिटवणं. यातलं चिन्हांचं काम माझ्या हातचा मळ आहे, असं मी समजत होते.

मग अण्णांचं काम आलं आणि माझी सगळी ऐट उतरली.

अण्णा म्हणजे माझे वडील. पंचक्रोशीत त्यांची ओळख आवाजाने. अभिषेक असो, वास्तुशांत असो, ते मंत्र म्हणायला बसले की मांडवातली पोरं रडायची थांबत. हे मी मुलगी म्हणून कौतुकाने सांगत नाही. खरं तर आवाजाचा घरात त्रासच होता, कारण साधं "चहा झाला का?" हेसुद्धा ते तीन घरं पलीकडे ऐकू जाईल असं विचारत. तीन वर्षांमागे त्यांच्या घशात गाठ निघाली. नगरला, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, स्वरयंत्र वाचणार नाही. अण्णांनी सही केली. सही करताना ते जे बोलले तेच त्यांचं शेवटचं बोलणं, आणि तेही डॉक्टरांना उद्देशून, "पेन नीट चालत नाही तुमचं."

आई आधीच गेली होती. शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना माझ्या घरी आणलं. ज्या माणसाने लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून माझ्या सासरी येताना स्वतःचा तांब्या भरून आणला, तो माणूस आता माझ्याकडे तीन वेळा जेवतो आणि भाजीत मीठ कमी असलं की पाटीवर लिहून दाखवतो. पाटी मी बाजारातून आणली, पहिलीतल्या मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची. मोबाईलवर लिहा म्हटलं तर त्यांनी असं पाहिलं की मी तो विषयच सोडला.

एक दिवस संध्याकाळी मी दुकानातून आले तर पाटीवर लिहिलेलं होतं, "तो आता येणार नाही का?"

तो म्हणजे माझा चुलतभाऊ. अण्णांच्या धाकट्या भावाचा मुलगा, वयाने चाळिशीचा, राहात्याला असतो, तिकडची भिक्षुकी सांभाळतो. अण्णांचा हा शेवटचा विद्यार्थी. दर रविवारी श्रीरामपूरमार्गे मोटरसायकलवर यायचा आणि अण्णांसमोर बसून संथा घ्यायचा, म्हणजे गुरूच्या तोंडून ऐकून मंत्र पाठ करायचा. त्याचं निम्म्याहून थोडं जास्त झालं होतं. बाकीचं अण्णांच्या तोंडात होतं, आणि तोंड तर बंद झालं होतं. शस्त्रक्रियेनंतर तो भेटायला यायचा, फळं आणायचा, पाया पडायचा, आणि दोघं समोरासमोर गप्प बसायचे. मग हळूहळू रविवार चुकायला लागले. त्याला तरी काय म्हणायचं? कोल्हारला अभिषेक, शिर्डीला सत्यनारायण, घरी दोन मुलं.

मी म्हटलं, "येईल की. कामं असतात त्याला."

अण्णांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "माझ्या गुरूंनी दिलेलं मी पुढे दिलं नाही."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. माणूस मेल्यावर त्याच्यामागे काय उरतं हे सगळेच बोलतात. पण माणूस समोर पोळी खात बसलाय आणि त्याचं सगळं आधीच संपून गेलंय, हे बघणं फार वाईट. मीच त्या रविवारी भावाला फोन केला आणि म्हटलं, उरलेलं पुस्तकातून का करत नाहीस?

तो म्हणाला, "ताई, पुस्तक आणलं होतं. काकांनी दुसऱ्याच पानावर चूक काढली आणि मिटून ठेवलं. मोबाईलवर पण उतरवून घेतलं, पण माझ्या फोनवर रेघांच्या जागी नुसते चौकोन दिसतात."

"मग मी टाइप करून देते," मी म्हटलं. एवढं सोपं वाटलं होतं मला.

आता या रेघा म्हणजे काय ते सांगायला हवं. हे मंत्र गद्यासारखे सपाट म्हणत नाहीत आणि गाण्यासारखे चालीवरही म्हणत नाहीत. प्रत्येक अक्षराची उंची ठरलेली. जे अक्षर खालच्या स्वरात म्हणायचं त्याच्याखाली आडवी रेघ. जे झोल देऊन, म्हणजे वरून खाली घसरवत म्हणायचं त्याच्या डोक्यावर उभी रेघ. बाकीच्यांना काही नाही. रेघ चुकली की स्वर चुकला, आणि स्वर चुकला की अण्णांच्या मते म्हटलेलं फुकट, नुसतं फुकटच नव्हे तर उलटं. लहानपणी त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांना चुकीच्या स्वराबद्दल काय मिळायचं ते मी पाहिलेलं आहे. चूक अक्षराची असेल तर ते हसून सोडत. स्वराची असेल तर नाही.

अण्णांकडे त्यांच्या आजोबांच्या हातची पोथी होती, पण तिच्यात रेघाच नव्हत्या. ज्यांना पाठ होतं त्यांनी पाठ असणाऱ्यांसाठी लिहिलेली. आपल्याच माणसांना रेघा काढून दाखवायच्या म्हणजे अपमान, असं काहीसं असावं. त्यामुळे अक्षरं पोथीत होती आणि स्वर अण्णांच्या घशात.

अक्षरं मी चार-पाच दिवसांत उतरवली. मग रेघांकडे आले आणि नाकी नऊ आले. दुकानात आम्ही वापरतो त्या जुन्या फॉन्टमध्ये या रेघा मुळातच नाहीत. युनिकोडमध्ये आहेत, पण कळफलकावर कुठे दिसत नाहीत. वर्डमधल्या चिन्हांच्या खिडकीत शोधत बसले तर गिऱ्हाईक ताटकळतं. शेवटी एका माहितीच्या पानावर सापडलं, की शून्य नऊ पाच दोन असे आकडे लिहून ऑल्ट आणि एक्स दाबायचं, की आडवी रेघ. शेवटचा आकडा एक केला की उभी. पण तेही अक्षर पूर्ण झाल्यावर, काना-मात्रा-वेलांटी सगळं देऊन झाल्यावर. आधी दिली की वर्ड रागावतो आणि रेघेला धरायला एक टिंबाटिंबांचं पोकळ वर्तुळ काढून ठेवतो. अक्षर नाही, नुसती त्याची जागा. ते वर्तुळ मला पहिले काही दिवस इतकं दिसलं की पोळी लाटतानाही दिसायला लागलं.

नेहमीच्या मराठी फॉन्टमध्ये ती आडवी रेघ उकाराला जाऊन चिकटायची. मग संस्कृतसाठी केलेला एक फॉन्ट मिळाला, त्यात सगळं नीट बसलं. मग मी डोकं चालवलं आणि वर्डलाच शिकवून ठेवलं, की अमुक कळा दाबल्या की आडवी रेघ, तमुक दाबल्या की उभी. रोज शंभर रेघा द्यायच्या तर आकडे कोण लिहीत बसणार?

पण कुठल्या अक्षराला कुठली रेघ, हे कोण सांगणार? इथे अण्णांचा हात कामाला आला.

आमच्या वेदशाखेत स्वर नुसता तोंडाने म्हणत नाहीत, उजव्या हाताने दाखवतातही. खालचा स्वर आला की हात खाली, वर गेला की वर, झोल आला की उजवीकडे. ओळीच्या शेवटी हलन्त म् आला की मूठ मिटते. अण्णांचा हात इतकी वर्षं आवाजाबरोबर चालत होता. आवाज गेल्यावर मला वाटलं होतं की हातही थांबला असेल. मी पोथीचं पान समोर धरलं आणि म्हटलं, "अण्णा, मनात म्हणा. हात मात्र करा."

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले आणि हात चालायला लागला. गळ्यावरच्या फडक्याखालून श्वास नुसता फसफसत होता. खोलीत बाकी काही आवाज नाही. मला रडू आलं आणि अण्णांना ते आवडलं नाही. त्यांनी हात थांबवून पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं, "काम कर."

काम करणं सोपं नव्हतं. अण्णांना सावकाश करता येईना. मी अक्षरावर पेन्सिल ठेवून "याला काय?" विचारलं, की त्यांना सांगता येत नसे. हात थबकायचा, कपाळाला आठी पडायची, मग ते मंत्राच्या सुरुवातीपासून धरायचे आणि त्या अक्षरापाशी आले की भर्रकन पुढे निघून जायचे. पाठ असलेल्या माणसाचं असंच असतं. त्याला वाहतं माहीत असतं, थेंब माहीत नसतो. दोनदा असं झाल्यावर ते चिडायचे. तिसऱ्यांदा मी चिडायचे. लेक कुणाची?

शेवटी मी त्यांच्या हाताचं मोबाईलवर चित्रण करायला सुरुवात केली. सकाळी पूजा झाली की खिडकीतल्या उजेडात त्यांना बसवायचं, एकेक मंत्र त्यांच्या वेगाने होऊ द्यायचा, आणि तेच दुकानात नेऊन निम्म्या वेगावर लावायचं. हात खाली गेला, आडवी रेघ. उजवीकडे गेला, उभी रेघ. मधेच उताऱ्याच्या झेरॉक्स, मधेच पासपोर्ट फोटो, पुन्हा हात.

एकदा प्रतिज्ञापत्रासाठी बसलेले एक म्हातारबाबा बराच वेळ माझ्या पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ताई, ह्यो कुनाचा हात हाय?"

"वडिलांचा."

"काय करत्यात? कुनाला बोलावत्यात का?"

"मंत्र म्हणतायत. बोलता येत नाही त्यांना."

बाबांनी मान हलवली. "हाताला लई चांगलं वळन हाय," ते म्हणाले आणि प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. मी घरी जाऊन अण्णांना हे सांगितलं. ते हसले. हसताना आता आवाज येत नाही, खांदे हलतात.

अशी उन्हाळ्याला सुरुवात होईपर्यंत पहिली काही पानं तयार झाली. उरलेल्या मंत्रांतला हा साधारण एक तृतीयांश. सगळं झाल्यावर एकदम दाखवण्यापेक्षा एवढं तपासून घ्यावं असं ठरलं. मी मोठ्या टायपात छापून अण्णांपुढे ठेवलं आणि वाटलं, आता लाल पेनाने खुणा होतील. अण्णांनी पानं उलटसुलट पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि बाजूला ठेवली. पाटीवर लिहिलं, "मला वाचून कळत नाही."

मला आधी हे उमगेचना. मग लक्षात आलं. त्यांनी रेघा वाचून कधी काही म्हटलंच नव्हतं. पान समोर आलं की त्यांचं मन पाठ असलेलं म्हणायला लागायचं आणि डोळ्यांना चूक दिसायची नाही. छापील पुस्तकातली ती दुसऱ्या पानावरची चूक त्यांनी डोळ्यांनी काढलीच नव्हती. भावाने त्यावरून मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कानांना बोचली होती.

"मग त्यालाच वाचायला सांगू," मी म्हटलं.

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. भावाला हा भाग नीट येत नसला तरी कानावरून गेलेला. तो अडखळेल तिथे आठवणीतलं ढकलून देईल. पाटीवर त्यांनी लिहिलं, "तू वाच. तुला येत नाही म्हणून."

आता हे वाचून मला काय वाटावं? काही वाटलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आमच्या घरात मुलींना संथा देत नसत. आत्याला नाही, मला नाही. सकाळी ओट्यावर मुलं बसायची, अण्णा म्हणायचे, मुलं म्हणायची, आणि आत आई आणि मी दूध तापव, केर काढ, वेणी घाल असं आमचं चालायचं. मी कधी हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर प्रवरेत पोहायला पाठवत नसत याचं मला जास्त वाईट वाटायचं. मंत्र म्हणजे घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखे होते. घड्याळ कुणी शिकतं का?

तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे. कोऱ्या माणसाची गरज आहे आणि मी कोरी आहे. रेघा काय सांगतात ते मला टाइप करून करून कळलं होतंच.

त्या रविवारी मी भावालाही बोलावून घेतलं. वाचून झालं की पानं त्याच्या हातात द्यायची होती. तो आला, हातपाय धुऊन सतरंजीवर बसला. अण्णा खुर्चीत. मी पानं घेऊन अण्णांसमोर. सुरुवातीला मी नुसतीच पानं सारखी करत बसले, कारण बावन्न वर्षांच्या बाईलाही बापासमोर तोंड उघडायची भीती वाटू शकते. पण एकदा सुरू केलं आणि बरं चाललं. अण्णांनी डोळे मिटले होते आणि हात चालत होता. मी वाचत होते, हात सोबत होता. कुठे चुकलं की हात थांबेल, असं ठरलं होतं. पहिलं पान संपलं, हात थांबला नाही. दुसरं, तिसरं, सगळी पानं संपली. हात एकदाही थांबला नाही.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. एवढ्या रेघा, त्यात एकही चूक नाही. मनात म्हटलं, आता पत्रिका छापणाऱ्या सगळ्या दुकानदारांनी माझ्याकडे शिकायला यावं. मी चहा ठेवायला आत गेले. अण्णा टेकून बसले होते, आणि त्यांचा चेहरा शस्त्रक्रियेनंतर मी पहिल्यांदाच असा निवलेला पाहिला.

बाहेरून भावाची हाक आली. "ताई, जरा इकडे ये."

तो तिसऱ्या पानावर बोट ठेवून बसला होता. शिकणारा तो, म्हणून तो रेघांवरून जात होता, सावकाश, एकेक अक्षर. "हे बघ. इथून पुढे सगळ्या रेघा एकेक अक्षर पुढे गेल्यात. पूर्ण ओळ."

मी पाहिलं. खरंच गेल्या होत्या. कर्सर एक घर पुढे पडला असणार. झेरॉक्सला कुणी मधे आलं असेल. ओळीतलं पहिलं अक्षर उघडं आणि तिथून पुढे प्रत्येक रेघ शेजाऱ्याच्या घरात.

"मग काकांनी थांबवलं कसं नाही?" तो म्हणाला. "हे असं वाचलं असतंस तर त्यांनी उठून कान धरला असता."

अण्णांनी पान मागून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. या वेळी बोटाने एकेक अक्षर दाबत गेले, आणि त्या ओळीपाशी बोट थांबलं. मग त्यांनी पान माझ्या हातात दिलं आणि ती ओळ दाखवली. पुन्हा म्हण.

मी म्हटली. हात सोबत चालला, सरळ, न अडखळता.

"ताई, तू कागदाप्रमाणे म्हणत नाहीयेस," भाऊ म्हणाला.

"मी वाचतेय की."

"नाही. कागदावर चूक आहे आणि तू बरोबर म्हणतेयस."

मी पुन्हा प्रयत्न केला. आता मुद्दाम, चुकीचं का असेना, जसं छापलंय तसं. दुसऱ्याच अक्षरावर आवाज आपोआप त्याच्या जागी गेला. तिसऱ्यांदा केलं, तेच. जिभेला चुकीचं वळणच घेता येईना. मला हसू यायला लागलं, घाबरल्यासारखं.

"टाइप करून करून पाठ झालं असेल," भाऊ म्हणाला. तो समजूतदार आहे. घरात काही विचित्र घडलं की साधं कारण शोधतो. मलाही ते पटलं. एवढे दिवस तेच तर करत होते.

अण्णांना पटलं नाही. त्यांनी माझ्या हातातली पानं काढून घेतली, सगळी, आणि मांडीखाली सरकवली. मग हात उचलला. शेवटच्या पानावरचा शेवटचा मंत्र त्यांनी हाताने पुन्हा केला, मी तो म्हटला, आणि हात थांबला नाही. तो पुढच्या मंत्रावर गेला. इथपर्यंत माझं काम अजून पोचलं नव्हतं. त्याची अक्षरं मी उन्हाळ्याआधी एकदा उतरवली होती, रेघ एकही दिली नव्हती, हाताचं चित्रण केलं नव्हतं.

मी म्हटला.

मी विचार केला असता तर अडले असते. विचार केला नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून उभी असताना, आई वेणी ओढत असताना, दप्तर भरताना बाहेरून जे येत होतं ते आतून बाहेर आलं. एक मंत्र झाला, दुसरा झाला. एका ठिकाणी शब्द सुटला. अण्णांचा हात तिथे तसाच हवेत राहिला, वाट बघत, आणि शब्द आला. मला माहीत नव्हतं मला हे येतं. कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

त्यांनी मूठ मिटली तेव्हा चहा आटून गेला होता. मग अण्णांनी पाटी ओढली. लिहायला त्यांना वेळ लागला, आणि लिहिलेलं त्यांनी मला दाखवलं नाही, भावाला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. तो चाळीस वर्षांचा, राहात्यापासून कोल्हारपर्यंत लोक त्याच्या पाया पडतात. मी पाटी वळवून वाचली. "आता हिच्याकडून घे."

मी म्हटलं, "अण्णा, काहीतरीच काय. मला अर्थसुद्धा कळत नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते भावाकडे बघत होते.

भाऊ उठला. मला वाटलं चप्पल घालतोय. त्याने सतरंजी अण्णांच्या खुर्चीसमोरून उचलली, माझ्यासमोर अंथरली, आणि मांडी घालून बसला. अंगावरचा शर्ट नीट केला. "बस ताई," तो म्हणाला. "कुठून सुरू करायचं ते सांग."

संथेची रीत अशी, की देणाऱ्याने एकदा म्हणायचं आणि घेणाऱ्याने दोनदा. मी बसले. मी एकदा म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला, आणि लाजही वाटली, शेजारच्या काकू ऐकत असतील म्हणून. मग त्याने दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी एका अक्षरावर त्याचा स्वर घसरला. मी अण्णांकडे पाहिलं, ते सांगतील म्हणून. त्यांनी हात मांडीवर ठेवलेला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. मग मीच त्याला थांबवलं आणि पुन्हा म्हणायला सांगितलं.